ती वाळू निडीची नव्हती

अगो, गाजरं काढली. आधी तेच सांगतो, कारण तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. मी कसा आहे ते नंतर.

फोटोशी बोलायचं मला जमत नाही. फोटोत तू गप्प बसलीयस, आणि तुला गप्प बसलेली मी कधी पाहिली नाही. म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत, ती पण निम्मी मिठागराच्या बांधावर गेली, तेव्हा एखादा काना-मात्रा पडला तर पडू दे. तुला माझ्याहून बरं वाचता यायचं, तू लावून घेशील.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तू होतीस तोवर दोन वर्षं ती माझ्या तोंडाशी आली आणि मी गिळली. आता बाकी सगळ्यांना सांगून झाली, तुलाच सांगायची राहिली. उलटं झालं. माझं सगळं असंच.

आपल्या खारेपाटात परसात काय येतं? नारळ येतो, शेवगा येतो. बाकी जे पेरशील ते पानाच्या कडेकडेनं जळत जातं. तू निडीची, गोड्या मातीतली. लग्न होऊन आलीस त्या वर्षी मेथी पेरलीस आणि ती जळाली तेव्हा तू अशी बघत होतीस, जसं काय मीच रात्री येऊन तिच्यावर मीठ टाकलं. मग रंजना झाली, घर झालं, मी मिठागर सोडून डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागलो, तुला मेथीची आठवण काढायला सवड नव्हती. रंजना सासरी गेली आणि तुझे हात मोकळे झाले. तेव्हा तुझ्या डोक्यात आलं की माती इथली वाईट आहे ना, तर माती तिथली आणू.

बायका माहेराहून पापड आणतात, कुरडया आणतात. तू माती आणलीस. दर खेपेला एक गोणी. निडीला गाडीत चढवायची, पेणला उतरवायची, पुढे रिक्षात. तो रिक्षावाला म्हणाला होता, "मावशे, सोनं भरलंय काय गो?" तर तू म्हणालीस, "सोनं असतं तर तुझ्या रिक्षात बसले असते काय?" मी हसलो नव्हतो तेव्हा. मला लाज वाटली होती. गावातली माणसं मला विचारायची, तुमची बायको माती कशाला वाहते. मी सांगायचो, तिला वेड लागलंय.

दोन वर्षांत वाफा झाला. मागच्या भिंतीला लागून, फुटक्या कौलांची कड लावून, गुडघाभर उंच. त्यात तू गाजर लावलंस. मी म्हटलं, "गाजर काय आपल्याकडचं हाय? ते थंडीच्या मुलखातलं." तू म्हणालीस, "थंडी आपल्याकडं बी पडते. तुमाला गोधडीतनं कळत नाय." आणि आलं की गाजर. बोटाएवढंच, पण आलं. दोन पायांची, तीन पायांची, एक तर असं मांडी घालून बसलेलं. तू ते मला दाखवून म्हणालीस, "हे तुमच्यावर गेलंय, उठायचं नाव नाय."

पण तुला नुसतं काढून खायचं नव्हतं. तुझी आजी रताळी ओढ्याच्या वाळूत पुरून ठेवायची, पार शिमग्यापर्यंत, हे मी लग्नापासून ऐकत आलोय. तुला तसं गाजराचं करायचं होतं. थंडीत काढायची, वाळूत ठेवायची, आणि शिमग्याला तुझा भाऊ, वयनी, रंजना, जावई सगळे आले की ऊन तापलेलं असताना ताजी काढून पानात वाढायची. सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. मला म्हणालीस, "निडीला जा. बाळारामाकडनं ओढ्याची वाळू दोन गोणी आणा."

इथून पुढे नीट ऐक.

मी गेलो नाही, गो.

घरातून निघालो ते खरं. पेणला स्टेशनावर गेलो ते पण खरं. तिथे बाकड्यावर बसलो आणि मला बाळाराम दिसायला लागला. तुझा भाऊ मला पहिल्यापासून चिडवतो. "भावोजी, तुमच्याकडं जेवायला आलं की वरनं मीठ मागायला लागत नाय." हे त्याचं दर वेळेचं. आता मी वाळू मागायला गेलो की काय म्हणेल? "खारेपाटात वाळू बी संपली काय?" आणि चार माणसांत म्हणेल. साठी उलटलेला माणूस मी, आणि एवढ्यासाठी गाडी सोडली. गाडी समोरून गेली, मी बसून राहिलो.

मग खाडीवर गेलो. होडीवाले वाळू काढून बांधाकडेला टाकतात, तिथल्या ढिगातून दोन गोण्या भरल्या. ओळखीच्या एकाच्या अंगणात दुपारभर उन्हात पसरली. वाळली, पांढरी दिसायला लागली. संध्याकाळी घेऊन आलो आणि तुला म्हटलं, निडीची.

तू हात घातलास तिच्यात. मला विचारलंस, "बरी हायेत ना सगळी?" मी म्हटलं, बरी आहेत. "वयनी काय म्हणाली?" म्हटलं, चहा दिला, बस म्हणाली. "गूळ घातलेला ना?" म्हटलं, व्हय, गुळाचा. अशी एका वाळूसाठी मी अख्खी भेट रचली. तू मन लावून ऐकत होतीस.

कोणी म्हणेल, अडाणी माणूस, त्याला काय कळतं. नाही. मी मिठागरात वाढलोय. मीठ ओल्या जिनसेतलं पाणी कसं ओढून घेतं ते मला शाळेत शिकवायला नको होतं. बोंबील खारवलेत, मांदेली खारवलीत. ढिगाजवळ उभा होतो तेव्हा मनात आलं होतं. मग म्हटलं, असून असून किती मीठ असणार. मग म्हटलं, बिघडली तर बिघडली, बाजारात गाजरं काय कमी आहेत. हे असंच्या असं माझ्या मनात आलं होतं. आज लिहिताना बदलत नाही.

शिमग्याला तू सगळ्यांना मागच्या पडवीत बोलावलंस. त्या वाळूत गाजरं भरून ठेवलेल्या मडक्यावरचं फडकं काढलंस. आत हात घातलास आणि तुझं तोंड उतरलं. गाजरं म्हाताऱ्याच्या बोटांसारखी सुरकुतलेली, मऊ, खाली काळं पाणी, आणि वास. बाळाराम म्हणाला, "ताय, ठेवायची व्हती का लोणचं घालायचं व्हतं?" सगळे हसले. मी पण हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. वर म्हटलं, "मी सांगतच व्हतो, हिला वेड लागलंय."

तू म्हणालीस, "माझ्याकडनं पाणी जास्त शिंपडलं गेलं." एवढंच. मडकं उचललंस आणि नारळाच्या आळ्यात ओतून आलीस. मी जागचा हललो नाही. तिथे एक वाक्य बोलायचं होतं. वाळू खाडीची आहे. तीन शब्द. नाही बोललो.

पुढच्या वर्षी गाजर लावलंस, पण वाळूचं नाव काढलं नाहीस. काढली ती शेजारीपाजारी वाटून टाकलीस. मला वाटलं, विसरली. बरं झालं. असा मी.

औंदा परत पेरलंस. रोपं दाट झाली म्हणून उपटून विरळ करत बसली होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ह्या टायमाला वाळूत ठेवणार हाय."

मी म्हटलं, "ठेव. वाळू आणतो मी."

"नको. मी जाईन."

"कशाला तू? तुझे गुडघे."

तेव्हा बघितलंस माझ्याकडे. म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तुमाला तिथला चहा आवडत नाय."

आणि परत विरळायला लागलीस. मी उठून आत गेलो. त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. माहीत होतं का तुला? कधी कळलं? वाळू जिभेला लावून बघितली होतीस? का मी उगाच चोराच्या मनात चांदणं असल्यासारखा करतोय? तेव्हा विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तू शिव्या घातल्या असत्यास, आठ दिवस भाकरी ताटात आपटली असतीस, आणि संपलं असतं. मला वाटलं, विचारू कधीतरी. संक्रांतीच्या आधीच गेलीस.

तेराव्यानंतर वाफ्यापाशी गेलो तर पाला पोटरीएवढा. त्या सगळ्या गडबडीत कोणी पाणी घातलं नव्हतं, माती वर तडकली होती. मी चरकलो, पण मग आठवलं, काढायच्या आधी आठ दिवस पाणी तोडायचं असं तूच म्हणायचीस. ते आपोआप तुटलं होतं. एकाच्या मुळाशी बोट घालून बघितलं, अंगठ्याएवढं जाड. अजून ठेवली असती तर आत लाकडासारखा दांडा धरला असता. काढायलाच हवी होती. आणि काढून ठेवायची कशात?

मी निडीला गेलो. खरोखर गेलो.

बाळाराम अंगणात वाल झोडपत होता. मला बघून उठला, "भावोजी, तुमी? एकटेच?" मी गोण्या खाली टाकल्या आणि म्हटलं, बस, आधी ऐक. उभ्यानंच सगळं सांगितलं. स्टेशन, खाडी, चहा. सांगून झालं तर तो म्हणाला, "म्हंजे ताय चुकली नव्हती."

"नव्हती."

"आनी आमी हसलो."

"व्हय."

"तुमी बी हसलात."

"मी जास्त."

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यानं दांडका ठेवला, फावडं घेतलं, गोण्या उचलल्या आणि ओढ्यावर गेला. मी मागून जायला लागलो तर म्हणाला, "बसा तुमी. मी भरतो. माझ्या भनीची हाय." वयनीनं चहा आणून दिला. ती आतून ऐकत होती. कप ठेवला आणि पाठ फिरवून वाल पाखडत बसली. तो चहा मी प्यालो. कपात थेंब ठेवला नाही.

गोण्या घेऊन तो स्टेशनपर्यंत आला. मी विचारलं, "तिनं कधी तुला वाळूचं काय विचारलं का रे? दिलीस म्हणून, बरं झालं म्हणून?" तो विचार करून म्हणाला, "नाय. वाळूचं कदी कायच नाय बोलली." नवरा भावाकडून दोन गोण्या वाळू घेऊन येतो, आणि बहीण भावाला एक शब्द बोलत नाही? तुझा तो सव्वा तासाचा रविवारचा फोन, ज्यात म्हशीच्या शेपटीपर्यंत सगळं यायचं, त्यात वाळू कधी आली नाही. गाडी येईपर्यंत मी तेच डोक्यात फिरवत होतो. गाडी आली तेव्हा बाळाराम म्हणाला, "शिमग्याला पयला सन म्हणून आमी येणारच. तवा सगळ्यांम्होरं सांगा. मला एकट्याला सांगून भागायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाजरं काढली. ओढून नाही काढली, तू ओरडायचीस ते डोक्यात होतं. कडेनं खुरपं घालून माती सैल केली, मग उचलली. पहिलं काढलं आणि सवयीनं बादलीत बुडवायला गेलो, तेवढ्यात हात थांबला. धुवायचं नाही. धुतलेलं टिकत नाही. पाला दोन बोटं ठेवून कापला. चिरलेली, मोडकी बाजूला केली, ती मी आठवडाभर खाल्ली, भाकरीबरोबर, नुसतीच. चांगली दिवसभर पडवीत सावलीला पसरली. वाळू भिजवली ती मुठीत धरली की गोळा होईल आणि सोडली की फुटेल एवढीच. मडक्यात एक थर वाळू, एक थर गाजरं, एकाला एक लागू द्यायचं नाही. हे सगळं मला येत होतं, गो. मी खाटेवर पडून तुला हसत असायचो आणि सगळं बघत असायचो, असं आता कळतंय.

मग दीड महिना. मडकं मोरीच्या बाजूला गारव्याला. उघडून बघायची इच्छा व्हायची, नाही उघडलं. आठवड्याला वर पाण्याचा हात मारायचो तेवढंच. कंपनीतून सुटलेल्या पोरांचा नाक्यावर अड्डा असतो तिथे बसायचो आणि लक्ष घरात. सडली तर? सडली तर सगळे म्हणतील, बघा, वाळू कुठलीही असो, बाईचाच खुळेपणा. मग माझ्या सांगण्याला काय किंमत? तुझं नाव निघायचं तर गाजरं टिकायलाच हवी होती. आणि ती माझ्या हातात होती, ज्या हातानं आधी घालवली.

शिमग्याला सण नव्हता आपल्या घरात. होळीला कोणी गेलं नाही, पोळी झाली नाही. तू गेल्यावरचा पहिला सण म्हणून माणसं आली, तीच सगळी. बाळाराम, वयनी, रंजना, जावई. जेवणं झाली. मी उठलो आणि मडकं मधे आणून ठेवलं. फडक्याला हात लावला नाही. आधी सांगितलं. का, तर नंतर सांगायचं ठरवलं असतं आणि आत सडकं निघालं असतं, तर मी परत गप्प बसलो असतो. मी मला ओळखतो.

उभा राहून सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी तुमच्यासमोर जे झालं ते हिच्याकडून झालं नव्हतं. वाळू मी खाडीवरून आणली. निडीची म्हणून सांगितली. पाणी हिनं बरोबरच शिंपडलं होतं. आणि हसलो मी.

जावई खाली बघत होता. बाळाराम हाताची घडी घालून माझ्याकडेच. रंजना उठली आणि आत गेली. भांड्याचा आवाज आला. मग दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, त्या शिमग्यानंतर आईनं मला विचारलं व्हतं. माझ्या हाताचा अंदाज गेला का गो, म्हणाली. म्हातारी झाले का मी."

मला हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, रंजना, चुकलं माझं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? तिला सांगा." तेव्हापासून तिनं दोनदा फोन केलाय. दोन्ही वेळा कामापुरती बोलली. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का. ठेवते. तिचं बरोबर आहे.

अगो, तुझ्या हाताचा अंदाज गेला नव्हता. हे मला तुला सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

तर मडकं. बाळाराम म्हणाला, "काढा आता." मी फडकं काढलं. वरच्या वाळूत हात घातला आणि घट्ट लागलं. बाहेर काढलं. अंगावर बारीक पांढरी मुळं फुटली होती, डोक्यावर पोपटी कोंब, पण ताठ. बाळारामानं घेतलं, धोतराला पुसलं आणि मोडलं. असा आवाज आला की जावयानं मान वर केली. तळाची तीन-चार गेली होती, खोटं कशाला सांगू. बाकी सगळी चांगली. तुला सगळ्यांच्या पानात वाढायची होती, तर मी वाढली. जेवण झालेलं असताना वाढली, नुसती, चिरून, मीठ न लावता. कोणी नको म्हटलं नाही. रंजनानं घेतलं. खाताना रडत होती, पण खाल्लं.

निघताना बाळाराम नारळाच्या आळ्यापाशी उभा राहून पान थुंकत म्हणाला, "आमच्या ताईला हसलो, भावोजी. माझं बी तोंड काय कमी नव्हतं." एवढं बोलून तो चपला शोधायला लागला.

वयनी मागं राहिली होती. वाफ्याकडे गेली, कौलांच्या कडेवर हात ठेवून वाकून बघत होती. माती हातात घेऊन चोळली तिनं. निडीचीच आहे हे तिला कळलं असणार. निडीला मी हे सगळं सांगितलं तेव्हापासून ती माझ्याशी शब्द बोलली नव्हती. तिथूनच म्हणाली, "भावोजी, औंदा आमी बी लावू म्हनतो. वन्सं बियाणं कसं पेरायच्या? असंच टाकायच्या का राखेत कालवून? आनी खोल किती?"

काढणं मी बघितलं होतं. ठेवणं बघितलं होतं. पेरायच्या वेळेला मी घरात नसायचो, नाक्यावर असायचो. तिन्ही वर्षं. आणि माझ्या तोंडातून गेलं, "थांबा, तिला इचारून सांगतो."

सगळे थांबले. रंजनानं तोंडाला पदर लावला. मी तसाच उभा, हातात रिकामं ताट.

वयनी सरळ झाली. हात झटकले, माती वाफ्यातच पडेल असे. म्हणाली, "इचारा. आमाला घाई नाय."